सामाईक विहीर कोणाच्या नावावर?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे अंगणात बसून दुसऱ्याचे ऐकून घेतात. जळगावचे ऊन पुण्याहून कडक. तेव्हा पुण्य पदरात पडायचे असेल तर ते पुण्याच्या श्रोत्यांपेक्षा आपल्या पदरात अधिक पडावे, हे न्यायाला धरूनच आहे.

चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, 'सर्व्हरवर कोणता प्रोसेस किती मेमरी वापरतो, हे कसे पाहावे.' फोनच्या पलीकडे काही वेळ शांतता झाली. कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे घालवलेला माणूस वेतन, बोनस, महागाई यांवर बोलणार अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही दहावीच्या पुढे शाळा पाहिलेली नाही. पुढचे जे काही शिक्षण झाले ते धुळ्याच्या गरुड वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभांत. अशा माणसाने सर्व्हरवर बोलावे हा अधिकाराबाहेरचा खटाटोप वाटणे साहजिक आहे. पण या मेमरीच्या हिशेबावरून आमच्या एका भगिनीची नोकरी जाता जाता राहिली, आणि त्याआधी एका मुलाची गेली. दोन्ही वेळी आम्ही टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसलेले होतो. म्हणून हा विषय आमचाही आहे, असे आम्ही समजतो.

यंत्रांशी आमच्या चळवळीचे नाते जुने आहे आणि ते नेहमीच गोडीचे नव्हते. १९६० च्या दशकात विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. बँकांत १९८३ साली संघटना आणि बँकांचा संघ यांच्यात करार झाला, आणि पुढे शाखांत यंत्रे आली ती 'लेजर पोस्टिंग मशीन' या सोज्वळ नावाने. त्या काळी प्रश्न होता, यंत्र यावे की न यावे. आज तो प्रश्न उरलेला नाही. यंत्र आले, बसले, आणि आता तेच कामगाराविरुद्ध साक्ष देऊ लागले आहे. तेव्हा साक्षीदाराची उलटतपासणी कशी करावी, हे आपल्याला शिकले पाहिजे.

घटना अशी. जळगाव जिल्ह्यातील एक पतसंस्था. नाव सांगण्याचे कारण नाही. संस्थेचा एक सर्व्हर, त्याला मेमरी सोळा जीबी. काउंटरवर आणि आतल्या खोलीत मिळून नऊ माणसे एकाच वेळी त्यावर काम करीत. त्यांपैकी एक ताई कंत्राटी डेटा-ऑपरेटर. दर महिन्याच्या दहा तारखेला सर्व खातेदारांची यादी काढण्याचे काम त्यांच्याकडे. एका महिन्याच्या दहा तारखेला सकाळी अकराच्या सुमारास सगळेच काउंटर एकदम बंद पडले. पेन्शनर मंडळी रांगेत उभी, व्यवस्थापक घामाघूम. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा माणूस आला, त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, नोंदी पाहिल्या आणि कागद काढून दिला. त्यावर लिहिले होते की मेमरी संपली म्हणून यंत्रणेने एक प्रोसेस मारला. तो प्रोसेस ताईंच्या कामाचा होता आणि त्याच्या नावावर साडेचार जीबीच्या घरातला आकडा होता. झाले! संध्याकाळी ताईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली: 'आपण निष्काळजीपणे यंत्रणेवर अवाजवी भार टाकून संस्थेचे कामकाज बंद पाडले.' आणि तोंडी निरोप मिळाला की चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये.

ताई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "दादा, चार वर्षं मी तीच यादी काढतेय. तेच बटण दाबते. त्या दिवशी मी काय जास्त केलं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. कागद समोर होता आणि कागदावर आकडा होता. आकड्यापुढे आमच्यासारख्याची जीभ लुळी पडते.

येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी धुळ्यात असाच एक कागद आमच्यासमोर ठेवला गेला होता. कामावर होता एक मुलगा, वय पंचविसाच्या आत. आम्ही कागद पाहिला, मान डोलावली, महिन्याचा पगार हातावर ठेवण्याची तडजोड करून दिली आणि तडजोडीच्या कागदावर सही केली. ती सही आमची आहे. तो मुलगा दोषी होता की निर्दोष, हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण तो सर्व्हरही भंगारात गेला. न समजलेल्या कागदावर सही करायची नाही हे आम्ही कामगारांना आयुष्यभर शिकवले. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र अज्ञान झाकण्यासाठी सही केली. म्हणून या खेपेस ठरवले की हा कागद समजल्याशिवाय जागचे हलायचे नाही.

धुळ्याला आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अशा सर्व्हरची देखभाल करतो. त्याने संघटनेच्या कचेरीत पाच रात्री बसून आम्हांला शिकवले. पूर्व खानदेशचे भांडण पश्चिम खानदेशच्या कंदिलाने उजळले म्हणा ना! जे त्याने शिकवले ते आमच्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्द पाहू. डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे टेबल. कपाटात कितीही फायली असोत, काम करायचे तर फाइल टेबलावर आणावी लागते. प्रोग्राम म्हणजे हजेरीपत्रकावरचे नाव. प्रोसेस म्हणजे पाळीवर प्रत्यक्ष उभा असलेला माणूस. एकाच नावाचे दहा प्रोसेस एकाच वेळी उभे असू शकतात. मेमरीचे लहान लहान समान तुकडे पाडलेले असतात. त्यांना इंग्रजीत पेजेस म्हणतात, म्हणजे आपली पानेच. नेहमीच्या यंत्रावर एक पान ४,०९६ बाइटांचे. सोळा जीबी म्हणजे अशी सुमारे ४२ लाख पाने झाली. या पानांपैकी कोणाकडे किती, एवढाच आपला प्रश्न.

लिनक्स नावाची जी यंत्रणा १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतली, ती आज जगातल्या बहुसंख्य सर्व्हरवर चालते. या संस्थेतही तीच होती. तिच्यात 'फ्री' नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की एकूण मेमरी किती, वापरात किती, मोकळी किती, ते दिसते. नवशिका येथेच फसतो. मोकळ्या मेमरीचा आकडा नेहमीच अगदी थोडा दिसतो आणि माणूस घाबरतो. पण मंगल कार्यालय रिकामे असले म्हणजे मालक तेथे गहू वाळत घालतो, आणि लग्नाची तारीख आली की गहू उचलतो. त्याचप्रमाणे रिकाम्या मेमरीत लिनक्स कपाटातल्या फायलींच्या प्रती पसरून ठेवते. गरज लागली की उचलते. म्हणून 'मोकळी' हा रकाना न पाहता 'उपलब्ध' हा रकाना पाहावा. त्यामागचा हिशेब लिनक्सने २०१४ पासून स्वतःच द्यायला सुरुवात केली. ताईंच्या संस्थेत भिंतीवर 'मेमरी ९५ टक्के भरली' असा कागद वर्षभर चिकटवलेला होता. ते सगळे वाळत घातलेले गहू होते.

आता प्रत्येकाच्या नावावर किती? त्यासाठी 'पीएस' नावाची आज्ञा आहे, आणि चालत्या यंत्राची नाडी सतत दाखवणारी 'टॉप' नावाची दुसरी. या आज्ञा प्रत्येक प्रोसेससमोर दोन आकडे देतात. पहिल्याला व्हीएसझेड म्हणतात, दुसऱ्याला आरएसएस. हे दोन्ही नीट समजून घ्यावेत, कारण निम्मा अन्याय या दोन रकान्यांतून होतो.

पहिला आकडा म्हणजे लग्नाच्या पत्रिका. प्रोसेस म्हणतो, मला एवढी जागा लागेल. यंत्रणा म्हणते, बरे. त्या वेळी प्रत्यक्षात पान वाढले जात नाही. पाचशे पत्रिका वाटल्या म्हणून पाचशे माणसे जेवली असे होत नाही. दुसरा आकडा म्हणजे पंगतीत खरोखर मांडलेली पाने. प्रोसेसने ज्या पानाला हात लावला तेच मांडले जाते. म्हणून पहिल्या आकड्यावरून कोणावरही आरोप करू नये. कागदावर ताईंच्या नावापुढे लिहिलेला साडेचार जीबीच्या घरातला आकडा हा पत्रिकांचा होता.

आम्हांला वाटले, जिंकलो! पण तो मुलगा म्हणाला, "काका, थांबा. दुसरा आकडाही चार जीबीच्या वर आहे." आणि खरेच होते. त्या दिवशीच्या यादीत पंगतीतली पानेही ताईंचीच सर्वांत जास्त. आमचा चेहरा पडला. तेव्हा त्याने यादीतल्या सगळ्या प्रोसेसांच्या दुसऱ्या आकड्याची बेरीज करायला सांगितली. आम्ही जुन्या वळणाचे; कागदावर पेन्सिलीने बेरीज केली. नुसत्या त्या नऊ जणांचीच अठ्ठावीस जीबी भरली. आणि यंत्रात मेमरी किती? सोळा!

"काका," तो म्हणाला, "आठेच गल्लत शे."

सोळाच्या घरात अठ्ठावीस कसे मावले? खानदेशातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पाच भावांत एक विहीर आहे. तलाठ्याने प्रत्येक भावाच्या नावावर एक एक आख्खी विहीर लिहिली, तर कागदावर गावात पाच विहिरी होतात आणि शिवारात एकच असते. म्हणून सातबारावर 'सामाईक' असा शब्द लिहितात. दुसऱ्या रकान्यात तो शब्द नाही. त्या संस्थेचा डेटाबेस पोस्टग्रेस नावाचा होता. त्याची रचना अशी की चार जीबीचा एक सामाईक हौद असतो. खातेदारांच्या नोंदी कपाटातून एकदा त्या हौदात येतात आणि नऊही माणसांचे प्रोसेस तेथूनच घेतात. जो प्रोसेस हौदातल्या जितक्या पानांना हात लावील तितकी पाने त्याच्या रकान्यात आख्खी चढतात, मग तीच पाने इतर आठांच्या रकान्यांत आधीच चढलेली का असेनात. ताईंचे काम सर्व खातेदारांची यादी काढण्याचे. म्हणजे त्या हौदाला पूर्ण प्रदक्षिणा घालणार. सबब सबंध हौद त्यांच्या नावावर. सांगितलेले काम त्यांनी पूर्ण केले, हाच त्यांचा गुन्हा ठरला.

याला उपाय आहे का? आहे. मॅट मॅकॉल नावाच्या एका प्रोग्रामरने २००७ साली समान वाट्याचा हिशेब मांडला. जे पान एकाचेच आहे ते पूर्ण त्याच्या नावावर. जे नऊ जणांत आहे त्याचा नववा हिस्सा प्रत्येकाच्या नावावर. या आकड्याला पीएसएस म्हणतात. आणि ज्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही, अशा निव्वळ खासगी पानांच्या आकड्याला यूएसएस. २००८ पासून वाट्याचा आकडा लिनक्सच्या गाभ्यातच मिळू लागला. प्रत्येक प्रोसेसच्या 'स्मॅप्स' नावाच्या नोंदवहीत तो असतो, आणि २०१७ पासून त्या नोंदवहीची एकत्र बेरीजही तयार मिळते. 'एसमेम' नावाचे एक छोटे हत्यार मॅकॉलनेच करून ठेवले आहे. ते या सगळ्यांची सुबक यादी देते. चांगल्या हिशेबाची खूण एकच: वाटे मिळवले की मूळ रक्कम आली पाहिजे. वाट्याच्या आकड्याची बेरीज जुळते. दुसऱ्या रकान्याची जुळत नाही. जो हिशेब बेरजेला उतरत नाही त्याच्यावर माणसाची भाकरी तोलू नये.

तरीही वाट्याचा आकडा सर्वज्ञ नाही. नऊ जणांतला एक उठून गेला की उरलेल्या आठांचा वाटा वाढतो. त्यांनी काही केले नसताही वाढतो. खोलीतला एक भाडेकरू गेला की बाकीच्यांचे वीजबिल वाढते, तसेच. म्हणून प्रश्न काय आहे ते आधी ठरवावे. सगळ्यांनी मिळून किती वापरले हे पाहायचे तर वाट्याचा आकडा घ्यावा. हा एक गेला तर किती जागा सुटेल असे विचारायचे असेल तर खासगी आकडा घ्यावा. ताई उठून गेल्या असत्या तर किती सुटले असते? १६० एमबी. सोळा जीबीचा शंभरावा हिस्सा!

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, आणि येथे कामगार कार्यकर्त्याचे कान टवकारले पाहिजेत. आरोप करणारा जो दुसरा रकाना, तो सामान्यतः सर्व्हरवर बसलेल्या कोणालाही दिसतो. मात्र निर्दोष ठरवणारी जी स्मॅप्सची नोंदवही, ती दुसऱ्याच्या प्रोसेसची असेल तर फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याला, उघडता येते. त्यामागे सुरक्षिततेचे योग्य कारण आहे, ते आम्ही मान्य करतो. पण परिणाम पाहा: आरोपाचा कागद चव्हाट्यावर आणि बचावाचा कागद कुलपात. व्यवस्थापनाकडे किल्ली आणि कामगाराकडे नोटीस.

आम्ही चौकशीत अर्ज दिला की ही नोंदवही आमच्यासमोर उघडावी. पुरवठादारांचा माणूस म्हणाला, पासवर्ड देता येणार नाही. आम्ही म्हटले, पासवर्ड तुमच्या खिशात राहू द्या, आकडे आमच्यासमोर छापा. आणि एकदा नको, तीनदा. कारण एका दिवसाचा आकडा म्हणजे एक छायाचित्र, आणि छायाचित्रावरून माणूस लठ्ठ होतो आहे की वाळतो आहे ते कळत नाही. बऱ्याच कुरकुरीनंतर ते कबूल झाले. बाराव्या दिवशी, पंचविसाव्या दिवशी आणि पुढच्या महिन्याच्या आठव्या दिवशी आकडे निघाले.

नऊ काउंटरवाल्यांची वाट्याची बेरीज तिन्ही वेळा साधारण सव्वापाच-साडेपाच जीबी; फारसा फरक नाही. पण यादीच्या मध्यभागी कोणाच्या नजरेत न भरणारे अकरा प्रोसेस एकाच नावाचे होते. खातेदारांना हप्त्याची आठवण करून देणारे संदेश पाठवण्याचे काम त्यांचे. बाराव्या दिवशी प्रत्येकी सुमारे १०० एमबी, पंचविसाव्या दिवशी ४००, आठव्या दिवशी ७००. सगळी पाने खासगी. म्हणजे अकरांचे मिळून १.१ जीबीचे ४.४ झाले आणि ४.४ चे ७.७. घेतलेली पाने परत न ठेवण्याची त्या प्रोग्रामला खोड होती. यंत्रवाले याला गळती म्हणतात. एकेकटा पाहिला तर लहान, म्हणून यादीच्या माथ्यावर कोणीच नाही; मिळून पाहिले तर मेमरीचा जवळजवळ निम्मा भाग गिळलेला. पुढच्या दहा तारखेला तोच प्रसंग पुन्हा येणार, हे आता पंचांग न पाहता सांगता येत होते.

मग यंत्रणेने ताईंचाच प्रोसेस का मारला? याचे उत्तर आमच्या छाटणीच्या कायद्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. पत्रिकांप्रमाणे सगळे पाहुणे एकदम आले आणि जागा उरली नाही, म्हणजे लिनक्स एका प्रोसेसचा बळी देते. बळी निवडण्यासाठी प्रत्येकाला गुण देतात, आणि गुण मोजणाऱ्या त्या भागाचे इंग्रजी नावच 'बॅडनेस', म्हणजे वाईटपणा, असे आहे. २०१० पर्यंतचा नियम असा होता की मूळ आकडा पत्रिकांचा घ्यायचा, पण जो प्रोसेस दीर्घकाळ चालू आहे त्याला सूट द्यायची. २०१० साली नियम बदलला: पत्रिका सोडून मांडलेली पाने मोजू लागले, ही सुधारणा झाली, ज्येष्ठतेची सूट मात्र गेली. आणि पाने मोजताना सामाईक पाने आजही आख्खी मोजली जातात. म्हणून सामाईक हौदाला प्रदक्षिणा घालणारा सर्वांत वाईट ठरतो, आणि अकरा गळके प्रोसेस एकेकटे लहान म्हणून सुटतात. वर पोस्टग्रेसचा स्वभाव असा की त्याचा एक प्रोसेस असा अचानक मारला गेला तर सामाईक हौद नासला असेल या भीतीने तो उरलेल्यांनाही थांबवून नव्याने सुरुवात करतो. म्हणून सगळे काउंटर एकदम बंद पडले.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीचा नियम होता की त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जावा, आणि हा क्रम मोडायचा तर मालकाने कारण लिहून ठेवावे. २०२० च्या संहितेनेही ते तत्त्व सोडलेले नाही. यंत्रणाही कारण लिहून ठेवते, हे तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. तिने मारलेल्या प्रोसेसच्या नोंदीत एकाच ओळीत चार आकडे असतात: पत्रिका किती, खासगी पाने किती, फायलींची पाने किती, आणि सामाईक पाने किती. ताईंच्या ओळीत पत्रिका साडेचार जीबीच्या आत-बाहेर, खासगी १६० एमबी, फायलींची दहा, आणि उरलेला सगळा डोंगर सामाईक. पुरवठादाराने कागदावर उतरवताना पहिला आकडा घेतला आणि उरलेली ओळ सोडली. ताईंचे निर्दोषपण त्याच ओळीत, चार बोटे पुढे, लिहिलेले होते. मुद्दाम सोडली असे आम्ही म्हणत नाही. त्यालाही ती वाचता येत नसावी. पण ज्याला ओळ पूर्ण वाचता येत नाही त्याने आरोपपत्र लिहू नये.

चौकशीत आम्ही ती ओळ शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. नोटीस मागे घेतली गेली. गळक्या प्रोसेसांना मेमरीची मर्यादा घातली; मर्यादा ओलांडली की त्यांचे तेच बंद पडून पुन्हा सुरू व्हावेत, बाकीच्यांना झळ लागू नये अशी ती सोय लिनक्समध्ये आहेच. डेटाबेसच्या मुख्य प्रोसेसला या बळीच्या यादीतून वगळण्याचीही सोय आहे, तीही केली. ताई अठ्ठावीस दिवस घरी बसल्या होत्या. त्या दिवसांचा पगार मिळायला चार महिने लागले. कोणी त्यांना 'चुकले' असे म्हटले नाही. परत आल्यावर पहिल्या दहा तारखेला यादीचे बटण दाबताना हात थरथरत होता, असे त्यांनी आम्हांला सांगितले. हा हात थरथरणे कोणत्या रकान्यात मांडायचे?

आता कोणी म्हणेल, तंगी आल्यावर कोणाचा तरी बळी पडणारच. यंत्र झाले म्हणून काय करील? याला उत्तर आपल्या धुळ्याच्या पांझरेच्या काठी काही शतकांपासून आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. प्रत्येक फडात एका वर्षी एक पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि वर शेतकऱ्यांचे पंच. पाणी कमी पडले तर यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा, असे पंच हंगामाआधी ठरवीत. बहुतेकांचे तुकडे निरनिराळ्या फडांत असल्यामुळे तुटीचा भार सर्वांच्या अंगावर थोडा थोडा पडे. कोणाच्या शेतात पाणी जास्त चमकते ते पाहून त्याचे पीक उपटण्याची पद्धत तेथे नव्हती. सामाईक पाणी हे सामाईक म्हणून मोजले, की तूटही सामाईक होते. पांझरेच्या पाटकऱ्याला जे कळत होते ते सोळा जीबीच्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्याला कळू नये, असे काही नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. जेथे यंत्राचा आकडा माणसाविरुद्ध वापरला जाईल तेथे तीन गोष्टी मागा. पहिली, सगळ्या आकड्यांची बेरीज करून दाखवा. ती यंत्रातल्या मेमरीपेक्षा जास्त आली तर तो पुरावा नव्हे. दुसरी, खासगी किती आणि सामाईक किती, हे वेगळे लिहून द्या, आणि त्यासाठी कुलपातली नोंदवही दोन्ही पक्षांसमोर उघडा. तिसरी, एका दिवसावर जाऊ नका. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजा, आणि जो वाढतो आहे तो शोधा. जो मोठा दिसतो त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. या तीन मागण्यांना कायद्याचे कलम लागत नाही. बेरीज येणारा एक माणूस आणि पाच रात्री लागतात. आमच्या संघटनेत आता दर महिन्याला एक संध्याकाळ यासाठीच ठेवली आहे. कचेरीतल्या जुन्या यंत्रावर मुले हे आकडे काढतात आणि आम्ही अजून पेन्सिलीनेच बेरीज करतो.

धुळ्याच्या त्या मुलाचे नाव आम्ही विसरलेलो नाही. त्याच्या कागदावरची ओळ आम्ही शेवटपर्यंत वाचली नव्हती. आपल्यापैकी कोणाच्या टेबलावर असा कागद आला, तर निदान आपण ती वाचावी, एवढ्यासाठीच आज आपला वेळ घेतला.